नाटकाचा हंगाम आणि दौलतकाका

थंडी पडली की बाकीच्या बायकांच्या अंगात स्वेटर येतो, माझ्या अंगात नाटक येतं. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, सकाळी नळाचं पाणी बोटांना झोंबायला लागलं, पाथर्डीकडून बिऱ्हाडं लादलेले ट्रॅक्टर साखर कारखान्यांच्या वाटेला लागले, की माझा घसा आपोआप बसतो. तालीम सुरू व्हायच्या आधीच बसतो! नवरा म्हणतो, "आलं वाटतं." मी नुसती मान हलवते. इतक्या वर्षांचा संसार आहे, त्याला आता तेवढं पुरतं.

यंदाही आलंय. काल संध्याकाळी शाळेच्या हॉलचं कुलूप काढलं आणि ओळखीचा वास आला. सतरंज्यांचा, धुळीचा, भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या नेपथ्याच्या रंगाचा. नवी मुलं-मुली आली होती. त्यातल्या एकीनं स्वतः लिहिलेली एकांकिका आणली होती. सुरुवातीला आणि शेवटी तेच एक वाक्य. "बाई, म्हणजे वर्तुळ पूर्ण होतं," ती मोठ्या कौतुकानं म्हणाली. मी एकदम ओरडले, "काढ ते! आधी काढ!" बसलेल्या घशातून एवढा आवाज कुठून निघाला कोण जाणे. बिचारी घाबरली. तिला काय ठाऊक, असल्याच एका वर्तुळात माझा जीव जाता जाता राहिलाय.

आमच्या नगर जिल्ह्यात नोव्हेंबर-डिसेंबर हा दोन गोष्टींचा हंगाम. एक ऊसतोडीचा आणि दुसरा नाट्यस्पर्धेचा. (आता एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण माळीवाड्याच्या स्टँडवर अजून 'नगर, नगर'च ऐकू येतं, आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय.) कारखान्याच्या चिमणीतून धूर निघतो त्याच सुमारास गावातल्या कुठल्या ना कुठल्या हॉलमधून, मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीतून, कुणाच्या तरी गच्चीवरून संवाद ऐकू यायला लागतात. बँकेतला कॅशियर राजा होतो. मोबाईलच्या दुकानातला मुलगा प्रेमात पडतो. महिना-दीड महिना सगळे वेडे, मग एक दिवस प्रयोग, मग वर्षभर त्याच्या गप्पा. मी उभा जन्म यातच काढला. नोकरी शाळेत केली, पण जगले ती या दीड महिन्यात.

सुरुवात कुठं झाली ते विचाराल तर चर्चच्या कंपाउंडमध्ये. आमच्याकडे नाताळला नाटक बसायचं. बाळ येशूला बघायला येणारे तीन मागी राजे, देवदूत, मेंढपाळ आणि मेंढरं. माझा आवाज मोठा आणि रंग काळा, त्यामुळे देवदूताचं काम मला कुणी देईना. कितीतरी वर्षं मी मेंढरू होते. शेवटी वैतागून एका नाताळात मी सराईवाल्याच्या बायकोचे संवाद लिहिले आणि स्वतःच करून टाकले. बाळंत व्हायला आलेली बाई दारात उभी आहे आणि नवरा खुशाल 'जागा नाही' म्हणतो, म्हणून ती त्याला फडाफडा बोलते. लोक हसून बेजार झाले. चर्चचे पाळकसाहेब मात्र गंभीर. म्हणाले, "करुणा, हे शास्त्रात कुठं लिहिलंय?" मी म्हटलं, "साहेब, लिहिलेलं नाही, पण ती गप्प बसली असेल का?" त्यावर त्यांनाही हसू फुटलं. पुढच्या वर्षी त्यांनीच निरोप पाठवला, नाटक तूच लिही म्हणून.

मग लिहीतच गेले. लिहिलेलं कुणी बसवेना म्हणून बसवायलाही लागले. बाई दिग्दर्शन करते म्हटल्यावर पहिल्या पहिल्यांदा लोकांना वाटायचं, हळदीकुंकवाला करतात तसलं काहीतरी असणार. पुरुष नट माझ्या सूचना ऐकायचे माझ्याकडे बघून, आणि होकार द्यायचे माझ्या नवऱ्याकडे बघून! नवरा बिचारा कोपऱ्यात हार्मोनियम सांभाळत बसलेला. तो म्हणायचा, "माझ्याकडे काय बघता? मलाही तीच ओरडते." हळूहळू सवय झाली त्यांना. मलाही झाली. टेम्पोत नेपथ्य चढवणं, मांडववाल्याकडून पडदे उसने आणणं, हिरोईनच्या सासूला पटवायला तिच्या घरी जाऊन तिच्या हातची शेव-बुंदी खाणं, ही सगळी दिग्दर्शकाचीच कामं आहेत. पुस्तकात कुणी लिहीत नाही एवढंच.

दौलतकाका मला याच वाटेवर भेटले. पाथर्डीकडचे. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन नगरजवळ भिंगारला राहायला आले. उंच, वाकलेले, आणि बोलणं असं की समोरच्याला श्वास घ्यायला उसंत नाही. गाडी चालवताना ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असते ना, ती उलटी करून त्यांच्यासाठीच लावायला पाहिजे होती, असं आम्ही म्हणायचो. पहिल्याच तालमीला त्यांनी माझ्या नाटकातल्या म्हाताऱ्या पाटलाच्या भूमिकेत असा काही जीव ओतला की मी तिथंच ठरवलं, आता या माणसासाठी लिहायचं. आणि लिहिलं. पाच-सहा नाटकं तरी त्यांना डोळ्यांपुढं ठेवून लिहिली.

मघाशी ज्या वर्तुळाचं बोलले, त्या हंगामाचं नाटकही त्यांच्यासाठीच लिहिलेलं होतं. ऊसतोडीला अख्खी वस्ती निघून जाते, मागं राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री. त्यातल्या एका म्हाताऱ्याची, आण्णाची, ही गोष्ट. पोरगा बायको-लेकराला घेऊन निघालाय आणि आण्णाला सून-नातू तरी मागं राहावीत असं वाटतं. सगळं नाटक त्या ओढाताणीवर. मार्च-एप्रिलात लिहून झालं. काकांना वाचून दाखवलं. ऐकता ऐकता ते गप्प झाले. ते गप्प झाले म्हणजे नाटक चांगलं आहे, हे माझं मोजमाप.

आणि मे महिन्यात त्यांना झटका आला. अर्धांगाचा. हातपाय महिन्याभरात सुधारले, पण बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, शब्द सापडायचे नाहीत. पाणी हवं असलं की "ते... ते..." करत हात हलवायचे. मग चिडायचे, मग डोळ्यांत पाणी यायचं. लीलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, जन्मभर त्यांच्या बडबडीवर कावलेली बाई. त्या मला म्हणाल्या, "करुना, घर खायला उठतं गं. किती बडबडायचे, मी म्हनायची जरा कान किटले माझे. आता बोला म्हनते तर बोलत न्हाईत."

अशीच एकदा काकांच्या खाटेपाशी बसले होते. सहज, चेष्टेनं, जुन्या नाटकातलं वाक्य टाकलं. "पाटील, चावी कुठाय?" काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि धडाधड म्हणाले, "चावी माझ्या कमरंला आन् कुलूप तुमच्या तोंडाला!" मी उडालेच. काकूंच्या हातातलं ताट खाली पडलं. पुढचं वाक्य टाकलं, त्याचंही उत्तर आलं. सगळा प्रवेश आला! डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, होतं असं कधीकधी. पाठ केलेलं येतं, गाणी येतात, प्रार्थना येतात. स्वतःचं मनातलं बोलायचं म्हटलं की अडतं.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पाठ केलेलं येतं ना? मग आण्णाचं काम पाठ करून घ्यायचं. मी काकूंना बोलून दाखवलं, तर त्या अंगावरच आल्या. "तुला येड लागलं का? लोकांनी हसायचं का ह्यांना? समद्या गावासमोर ते 'ते ते' करत उभं राहिले, तर मी काय करू?" खरं होतं त्यांचं. आमच्या नाट्यसंस्थेतले लोकही तेच म्हणत होते, बाई, दुसरा म्हातारा बघा, गावात म्हाताऱ्यांना काय तोटा आहे. मी जवळजवळ माघार घेतली होती. पण काका. त्यांनी माझ्या हातातलं स्क्रिप्ट ओढून घेतलं आणि छातीशी धरून बसले. सोडेचनात. शेवटी काकूच म्हणाल्या, "राहू दे. बघू. पर काही झालं तर तुझं तोंड बघनार न्हाई मी."

मग सुरू झालं. काकू चौथी शिकलेल्या. रोज दुपारी बोट ठेवून ठेवून एकेक ओळ वाचायच्या, काका मागून म्हणायचे. गणपती गेले, दसरा गेला. कधी मी गेले की अंगणातूनच ऐकू यायचं. काकू सून व्हायच्या, पोरगा व्हायच्या, शेजारचा म्हातारा व्हायच्या, आणि काका त्यांना खणखणीत उत्तरं द्यायचे. पाठ होतं तोवर काका पूर्वीचे काका. ओळ संपली, काकूंनी "पानी देऊ का?" विचारलं, की पुन्हा "ते... ते..." बघवत नसे. दिवाळीपर्यंत नाटक काकांचं पाठ झालं, आणि काकूंचंही अथपासून इतिपर्यंत झालं.

तालमीत काका कधी चुकले नाहीत. पण मी निर्धास्त होईना. कारण नाटकात लिहिलेलंच घडतं असं थोडंच आहे? कुणी वाक्य विसरतं, दार उघडत नाही, दिवे जातात. तेव्हा नट आपल्या मनचं काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. काकांकडे मनचं काही नव्हतं. लिहिलेल्या ओळीवरून पाय घसरला की खाली दरी. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, बाबांनो, इकडचा शब्द तिकडे नको. पोराचं काम करणारा अक्षय, सावेडीत मोबाईलचं दुकान आहे त्याचं, तो म्हणाला, "बाई, टेन्शन घेऊ नका, मी आहे ना!" हे 'मी आहे ना' म्हणणाऱ्या लोकांची मला फार भीती वाटते.

आणि घोळ मी स्वतःच घालून ठेवला होता. नाटकाच्या सुरुवातीला, वस्तीची निघायची गडबड दाखवून झाली की, पोरगा उंबऱ्यात उभा राहून म्हणतो, "आण्णा, निघालो." आण्णा म्हणतो, "नीघ." मग पोरगा वळतो आणि बायकोला हाक मारतो, तिथून भांडणाला सुरुवात. शेवटीही पोरगा त्याच उंबऱ्यात म्हणतो, "आण्णा, निघालो." आण्णा म्हणतो, "नीघ." पण या वेळी पोरगा म्हणतो, "आता मी परत येणार न्हाई." आण्णा काही न बोलता दार लावतो. पडदा. लिहिताना मी स्वतःवरच खूश झाले होते. काय कारागिरी! नाटकवाल्यांना या गोष्टीची धास्ती असते, दोन सारख्या ओळी म्हणजे रुळावरचा सांधा, गाडी कुठं वळेल सांगता येत नाही. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण लेखिका खूश असली की दिग्दर्शिकेचं ऐकते कुठं!

आमचा प्रयोग दुपारच्या सत्रात होता. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, मी मनात आपली प्रार्थनाही केली. तिसरी घंटा झाली की दिग्दर्शकाला काही काम उरत नाही. विंगेत उभं राहून नखं खायची. मी फटीतून प्रेक्षकांत बघत होते. तिसऱ्या रांगेत लीलाकाकू बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. स्टेजवर काका बोलतील ते वाक्य, त्याच क्षणाला, काकूंच्या ओठांवर. माझी नजर एकदा काकांकडे, एकदा त्या ओठांकडे.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. सगळं झकास चाललेलं. अक्षय उंबऱ्यात आला. "आण्णा, निघालो." काका म्हणाले, "नीघ." आणि त्या 'मी आहे ना' वाल्यानं, भरल्या सभागृहात, मोठ्या दर्दभऱ्या आवाजात सांगितलं, "आता मी परत येणार न्हाई."

नाटक संपलं होतं! शेवटचं वाक्य होतं ते. यानंतर आण्णानं दार लावायचं आणि पडदा. दोन तासांचं नाटक वीस मिनिटांत. इतक्या लवकर आटोपलं तर स्पर्धेतून बाद, पण ते मरू दे. समोरच्या विंगेत सून कळशी घेऊन उभी, तिला तिची हाकच मिळालेली नाही. पडदेवाल्याचा हात दोरीवर. अक्षयला आपण काय केलं ते बोलल्यावर कळलं, त्याचा चेहरा पांढराफटक. त्याला आता एक शब्द सुचेना. आणि काका? काकांना पाठ होतं ते एवढंच, की या वाक्यानंतर दार लावायचं. ते दाराकडे चालायला लागले. मी मनात म्हणत होते, नको काका, नको, नको. काकू खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. नाटक त्यांनाही पाठ होतं ना, काय झालंय ते त्यांनाही कळलं होतं.

काकांनी दाराला हात लावला. थांबले. किती थांबले देव जाणे. सभागृहात कुणीतरी खोकलं. मग ते वळले.

"परत येनार न्हाई?" काका म्हणाले. "आरं, अजून गेला कुठं तू?"

लोक हसले. काका एक पाऊल पुढं आले.

"बैलाला पानी न्हाई पाजलं. लेकराच्या पायात... पायात चप्पल न्हाई. आन् निघाला परत न येनारा! बस. बस खाली. आन् सुनंला हाक मार आधी. ती येती का तुझ्यासंगं, इचार तिला. मंग बोल."

अक्षय मटकन बसला. आणि जिवाच्या आकांतानं बायकोला हाक मारली. सून कळशी घेऊन धावतच आत आली, गाडी रुळावर आली, आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं केवढं छान लिहिलंय! मी विंगेत खाली बसले, अगदी फतकल मारून, आणि तोंडात पदर कोंबून हसत होते की रडत होते ते मलाही सांगता यायचं नाही. फटीतून पाहिलं. काकूंचे ओठ थांबलेले होते. त्या तिसऱ्या रांगेत सरळ उभ्या राहिल्या होत्या आणि मागचे लोक ओरडत होते, "अहो मावशी, खाली बसा, दिसत न्हाई!"

पुढचं नाटक झालं तसं झालं. चांगलं झालं असावं. शेवटच्या 'आण्णा, निघालो'ला अक्षय इतका घाबरलेला होता की त्याचा आवाज खरोखरच कापला, आणि परीक्षकांनी नंतर त्याचं त्याबद्दल कौतुक केलं. नंबरात आम्ही कुठं नव्हतो. संस्थेतले लोक दोन दिवस हळहळले. मला विचाराल तर मला इतकं हलकं वाटत होतं की कुणी तोंडावर नाटकाला नावं ठेवली असती तरी मी त्याला चहा पाजला असता.

सगळं आवरायला मी मागं मेकअपच्या खोलीत गेले तेव्हा काका आरशासमोर बसले होते. दाढी अर्धी निघालेली, डोळे मिटलेले, दमलेले. अक्षय त्यांच्या पायाशी बसून 'सॉरी काका, सॉरी काका' करत होता. दारातून काकू आल्या. आल्या त्या थेट माझ्याकडे.

"करुना, ते बैलाचं, चपलेचं. ते तू लिव्हलेलं न्हवतं."

"नाही काकू."

"मला म्हाईत हाय, न्हवतं ते. समदं पाठ हाय मला. तुझ्या तोंडून ऐकायचं हुतं." मग त्या काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काय हो," त्या म्हणाल्या, "कसं सुचलं तुमाला?"

काकांनी डोळे उघडले. ओठ हलले, पहिल्यांदा काही आलं नाही. "अगं," ते म्हणाले, "त्यो... त्यो म्हनला परत येनार न्हाई." पुन्हा थांबले. शब्द शोधत होते आणि या खेपेला चिडत नव्हते. "मंग? जाऊ द्यायचं का त्याला?"

काकू तिथंच जमिनीवर बसल्या आणि अशा काही मोठ्यानं रडायला लागल्या की पुढच्या संघाची माणसं तोंडाला अर्धा रंग लावून बघायला आली. काका गोंधळले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"अगं, गप की," ते म्हणाले. "लोकं बघत्यात."

"न्हाई बसनार मी गप," काकू पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "आन् तुमी बी बसू नका."